स्वतंत्र बिशप खरे की तोतये? आर्चबिशप थुक यांच्या निमित्ताने

वसईच्या एका आजींनी विचारलेला प्रश्न असा. मुलगी अमेरिकेत स्थायिक आहे आणि तिथे जुन्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाते. ते चर्च धर्मप्रांताचं, म्हणजे पोपनी नेमलेल्या स्थानिक बिशपाच्या अखत्यारीतलं, नाही. तिथले बिशप कॅथलिक म्हणवतात, पण पोपनी त्यांना नेमलेलं नाही. त्यांनी नातवाला दृढीकरण, म्हणजे तेल लावून श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, दिलं. हे बिशप खरे की तोतये, नातवाचा संस्कार चालतो की नाही, आणि अशी माणसं बिशप होतात तरी कशी, असं त्यांना जाणून घ्यायचंय.

मी कॅनन लॉचं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचं काम करतो. बहुतेक वेळ विवाहाच्या प्रकरणांत जातो, पण परदेशातून असे कागद आले की तेही टेबलावर येतात. आधी उत्तर सांगतो, मग कारण. ते बिशप खरे असू शकतात, आणि तरीही ते कुणाचेच बिशप नसतात. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. आपल्याकडे लोक यातलं एकच धरून भांडतात. एक म्हणतो, ‘पोपनी नेमलं नाही म्हणजे नाटकातला बिशप.’ दुसरा म्हणतो, ‘वंशावळ (कुणाला कुणी दीक्षा दिली ती साखळी) अस्सल आहे, मग अडचण काय?’ दोघेही अर्धेच बरोबर आहेत.

बिशपदीक्षेला लागतं काय? पोप बाराव्या पायस यांनी 1947 साली हे नेमकं ठरवून दिलं: दीक्षा देणाऱ्या बिशपने डोक्यावर हात ठेवायचे आणि ठरलेली प्रार्थना म्हणायची. जुन्या विधीतल्या त्या लांबलचक प्रार्थनेतले जे शब्द अत्यावश्यक ठरले, ते लॅटिनमध्ये मोजून सोळा. देणारा खरा बिशप असला, त्याला जे करायचं ते कळत असलं, हात ठेवले गेले आणि ते शब्द उच्चारले गेले, की दीक्षा झाली. परवानगी नव्हती म्हणून ती पुसली जात नाही. हा विचार नवा नाही. आफ्रिकेतल्या दोनातिस्त पंथाशी वाद घालताना संत ऑगस्टीन यांनी तो मांडला होता: फुटून गेलेल्यांचा स्नानसंस्कारही (बाप्तिस्माही) खराच, कारण तो त्यांचा नसून ख्रिस्ताचा आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत बरेच जण हे असं मानत नाहीत. रोम मात्र मानतं, आणि स्वतंत्र बिशपांची सगळी दुनिया रोमच्या या उदारपणावर उभी आहे. ज्या रोमशी ते भांडतात, त्याच रोमच्या सिद्धान्तामुळे त्यांचं बिशपपण टिकतं.

आता दुसरी बाजू. कॅनन 1013 सांगतो की पोपचा आदेश असल्याखेरीज कुठल्याही बिशपने दुसऱ्याला बिशपदीक्षा देऊ नये. दिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही आपोआप बहिष्कृत होतात. 1951 पर्यंत याला एवढी कडक शिक्षा नव्हती, निलंबनावर भागत असे. चीनमध्ये सरकार स्वतःचे बिशप उभे करील, ही भीती दिसायला लागली तेव्हा रोमने शिक्षा बहिष्कारापर्यंत नेली. म्हणजे ज्या कलमाखाली आज जुन्या लॅटिन मिस्सेला धरून राहिलेले परंपरावादी बिशप अडकतात, ते मुळात कम्युनिस्टांसाठी घडवलेलं होतं.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. निवृत्त तलाठ्याची सही त्याचीच असते, अक्षरही तेच, पण त्या सहीने फेरफार होत नाही. स्वतंत्र बिशपाचंही तसंच आहे. हात खरा, अधिकार नाही. धर्मप्रांत नाही, न्यायपीठ नाही, त्याला कुणी पाठवलेलं नाही.

कोरड्या कलमांपेक्षा एका माणसाचं आयुष्य पाहिलं की हे लवकर कळतं. आज अमेरिकेत आणि मेक्सिकोत जे बिशप ‘सध्याचे पोप खरे नाहीत, पोपची गादी रिकामी आहे’ असं म्हणतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची वंशावळ वर वर नेली की ती एकाच म्हाताऱ्या माणसापाशी येऊन थांबते. ते म्हणजे व्हिएतनामचे आर्चबिशप पियेर मार्तिन न्गो दिन थुक.

त्यांचा जन्म 1897 चा, हुए शहराजवळचा. घराणं मोठं, दरबारी आणि कट्टर कॅथलिक. 1925 मध्ये गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याची दीक्षा, रोममध्ये उच्च शिक्षण, आणि 1938 मध्ये विन लाँगचे बिशप. त्या वेळी व्हिएतनामी माणूस बिशप होणं हीच नवलाई होती, आधी फक्त दोघे झाले होते. पुढे दालात विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि 1960 मध्ये ते हुएचे आर्चबिशप झाले. धाकटा भाऊ न्गो दिन दिएम दक्षिण व्हिएतनामचा राष्ट्राध्यक्ष, दुसरा भाऊ न्हू त्याचा उजवा हात, तिसरा कान मध्य व्हिएतनामचा सर्वेसर्वा. चर्च आणि सत्ता एकाच जेवणाच्या टेबलावर. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मे 1963 मध्ये थुक यांच्या बिशपदीक्षेला पंचवीस वर्षं झाली म्हणून व्हॅटिकनचे झेंडे फडकले. काही दिवसांतच बुद्धजयंती आली आणि बौद्धांना मात्र त्यांचा झेंडा लावायला बंदी केली गेली. हुएमध्ये निदर्शनं झाली, गोळ्या चालल्या, माणसं मेली. जूनमध्ये सायगावच्या रस्त्यावर थिक क्वांग दुक या भिक्षूने स्वतःला पेटवून घेतलं. थुक यांचं चरित्र लिहिणारे त्यांचे भक्त या प्रकरणावरून घाईने पुढे सरकतात. मला ते बरोबर वाटत नाही. पुढची शोकांतिका समजायची तर आधीचा तोरा लपवून चालत नाही.

त्या वर्षी शरद ऋतूत ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अधिवेशनासाठी रोमला गेले होते. 2 नोव्हेंबरला सायगावमध्ये लष्करी बंडात दिएम आणि न्हू मारले गेले. पुढच्या मे महिन्यात कानला मृत्युदंड दिला गेला. थोरला भाऊ खोय याला तर 1945 मध्येच कम्युनिस्टांच्या व्हिएत मिन्ह संघटनेने मारलं होतं. चार भाऊ हिंसेत गेले आणि हा पाचवा परत जाऊ शकला नाही. नव्या सरकारला तो नको होता, आणि रोमलाही तो अडचणीचाच होता. 1968 मध्ये त्यांनी हुएचं पद सोडलं. त्यांना बुल्ला रेजिया नावाच्या, उत्तर आफ्रिकेतल्या मृत नगराचं नामधारी आर्चबिशपपद देण्यात आलं. ज्या बिशपाकडे धर्मप्रांत नसतो त्याला अशी पडझड झालेल्या नगरांची नावं देण्याची जुनी रीत आहे. गंमत अशी की त्या वेळी तरी ते रोमच्या पूर्ण मर्जीतले बिशप होते, आणि तरीही त्यांच्या वाट्याला लोक नव्हते. इटलीतल्या आर्पिनो गावी एका चर्चमध्ये मदतनीस म्हणून ते राहू लागले. कधीकाळी राष्ट्राध्यक्षाच्या शेजारी बसणारा माणूस कबुलीच्या खुर्चीत बसून गावकऱ्यांची पापं ऐकत होता.

1975 च्या अखेरीला स्वित्झर्लंडचा एक धर्मगुरू त्यांच्याकडे आला. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ पाल्मार दे त्रोया इथे मरियामातेचं दर्शन होतंय आणि तिला तुमची सेवा हवी आहे, असा निरोप त्याने दिला. थुक गेले. 1 जानेवारी 1976 ला त्यांनी तिथल्या काही जणांना गुरुदीक्षा दिली आणि 11 जानेवारीला त्यातल्या काहींना थेट बिशप केलं. दहा दिवसांत धर्मगुरूचा बिशप! त्यातला क्लेमेंते दोमिंगेस 1978 मध्ये पोप सहावे पॉल वारल्यावर स्वतःला पोप म्हणवू लागला आणि त्या पंथाने डझनांनी बिशप तयार केले. रोमने थुक यांना बहिष्कृत जाहीर केलं, त्यांनी माफी मागितली आणि ती मिळाली. हे वाचून कुणीही म्हणेल, आता तरी माणूस शहाणा होईल.

तो झाला नाही. थुक दक्षिण फ्रान्समध्ये तूलाँला साध्या जागेत राहू लागले. 7 मे 1981 ला तिथे मिशेल-लुई गेरार दे लोरिये हे डॉमिनिकन संघाचे धर्मगुरू बिशपदीक्षेसाठी त्यांच्यासमोर बसले. हा काही भाबडा माणूस नव्हता. लॅटरन विद्यापीठात शिकवलेला, आणि 1969 मध्ये कार्डिनल ओत्ताव्हियानी आणि बाच्ची यांनी परिषदेनंतर आलेल्या नव्या मिस्सेविरुद्ध सहाव्या पॉलना जे टिपण दिलं, त्याच्या लेखनात मोठा वाटा असलेला पंडित. हा सोहळा कॅथेड्रलमध्ये होतो तेव्हा किमान तीन बिशप, डझनभर धर्मगुरू, गायनवृंद, हजारो लोक. इथे बिशप एकच, जुनं लॅटिन विधीपुस्तक, आणि म्युनिकहून आलेले दोन प्रापंचिक साक्षीदार. बस्स. ऑक्टोबरमध्ये तिथेच मेक्सिकोच्या मोइसेस कार्मोना आणि आदोल्फो सामोरा यांना बिशपदीक्षा मिळाली. दुसऱ्या वर्षी थुक यांनी म्युनिकमध्ये जाहीर केलं की रोमची गादी रिकामी आहे. मार्च 1983 मध्ये रोमच्या श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने त्यांना आणि त्यांच्याकडून दीक्षा घेणाऱ्यांना बहिष्कृत ठरवलं.

त्या कागदातला एक मुद्दा मी नेहमी दाखवतो. मंडळाने दीक्षा ‘अवैध’ आहेत असं म्हटलंच नाही. वैध असोत वा नसोत, ख्रिस्तसभा त्या ओळखत नाही आणि पुढेही ओळखणार नाही, या मंडळींचा दर्जा आधी होता तोच समजला जाईल, असा त्याचा आशय. स्वतंत्र बिशपांचे भक्त पहिला अर्धा भाग वाचतात आणि विरोधक दुसरा. आमच्यासारख्यांना पूर्ण वाक्यच वाचावं लागतं.

शेवट अमेरिकेत झाला. काही काळ ते न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला आपल्याच वंशावळीतल्या एका बिशपाकडे राहिले. 1984 च्या सुरुवातीला व्हिएतनामी कॅथलिकांनी त्यांना मिसूरीतल्या कार्थेजला, निर्वासित व्हिएतनामी धर्मगुरूंच्या मठात नेलं. परंपरावादी म्हणतात, ‘पळवून नेलं.’ व्हिएतनामी म्हणतात, ‘आमचा आर्चबिशप आमच्यात आणला.’ त्या वर्षी रोमशी समेट झाला आणि 13 डिसेंबरला ते गेले. सत्त्याऐंशी वर्षांच्या, मायदेशाबाहेर वीस वर्षं काढलेल्या माणसाला शेवटी आपल्या भाषेत बोलणारी माणसं मिळाली, यात कट शोधायची मला गरज वाटत नाही.

ते गेले, पण वंशावळ थांबली नाही. कार्मोनांनी 24 सप्टेंबर 1991 ला वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला मार्क पिव्हारुनास यांना बिशप केलं आणि 1 नोव्हेंबरला कार्मोना रस्त्यावरच्या अपघातात गेले. पिव्हारुनास नेब्रास्कातल्या ओमाहात राहतात. त्यांनी पुढे 1993 मध्ये डॅनियल डोलन यांना बिशप केलं. गेरार यांनी 1986 मध्ये अमेरिकन डॉमिनिकन रॉबर्ट मॅकेना यांना, मॅकेनांनी 2002 मध्ये डोनाल्ड सॅनबॉर्न यांना. धर्मप्रांत नसलेल्या बिशपांची ही एक ठरलेली गरज आहे: आपण मेलो तर पुढे कोण? धर्मप्रांताच्या बिशपाला ही चिंता नसते, तो गेला की रोम दुसरा पाठवतं. यांना कुणी पाठवणारच नाही, म्हणून हयातीतच वारस करावा लागतो. मग त्या वारसाशी पटलं नाही की आणखी एक. यांच्यातली भांडणं बाहेरच्याला विचित्र वाटतात, पण त्यामागे बहुतेक वेळा हीच धास्ती असते. दुसरी धास्ती वंशावळीचीच. दीक्षा देताना विधी पूर्ण झाला का, साक्षीदार कोण, म्हातारपणी थुक यांचं चित्त ठिकाणावर होतं का? शंकेपोटी काहींनी आपली दीक्षा पुन्हा, सशर्त, म्हणजे ‘आधीची झाली नसेल तर’ या अटीवर, घेतलेली आहे.

मग यांचा दिवस जातो कशात? राजवाडा, सचिव, लाल दिव्याची गाडी यातलं काही नसतं. एका छोट्या चर्चचे ते प्रमुख धर्मगुरूही असतात, सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, शिकवतातही, आणि शनिवार-रविवारी शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या चॅपलमध्ये मिस्सा करतात. कधी ते चॅपल म्हणजे भाड्याचा हॉल असतो. लोकांना बिशप हवा असतो तो प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी: दृढीकरण आणि गुरुदीक्षा. दृढीकरणाचा जुना विधी तुमच्या पिढीला आठवत असेल. बिशप कपाळावर तेलाने क्रूस काढतात, मग गालावर हलकीशी चापट मारतात आणि लॅटिनमध्ये ‘तुला शांती लाभो’ म्हणतात. त्या चापटीची गोष्ट तुमचा नातू आयुष्यभर सांगेल.

ते तेल येतं कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. ऑलिव्ह तेलात बाल्सम नावाची सुगंधी राळ मिसळून बिशपने ते पवित्र गुरुवारी आशीर्वादायचं असतं. जुन्या विधीपुस्तकाप्रमाणे त्या वेळी बिशपाबरोबर बारा धर्मगुरू, आणि धर्मगुरूच्या खालच्या पायऱ्यांवरचे सात डीकन आणि सात सबडीकन असायला हवेत. बिशप तेलावर क्रूसाच्या आकारात तीनदा फुंकर घालतात आणि मग बारा जण एकेक करून येऊन तेच करतात. स्वतंत्र बिशपाकडे एवढी माणसं जमवायची कुठून? जमतील तेवढ्यांवर भागवावं लागतं. जुना विधी जसाच्या तसा जपायचा म्हणून ज्यांनी एवढं सोसलं, त्यांनाच माणसांअभावी तो आखडता घ्यावा लागतो. यात मला कुत्सितपणा करायचा नाही, वाईट वाटतं.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांचा संत दहावे पायस संघ ही वेगळी गोष्ट आहे. लफेव्रनी 1988 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एकोनला चार बिशप केले, बहिष्कार ओढवून घेतला, पण पोप नाहीत असं त्यांनी कधी म्हटलं नाही. रोमने 2009 मध्ये त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला, आणि पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या धर्मगुरूंना कबुली ऐकण्याचा अधिकार दिला. 2017 मध्ये विवाहांसाठीही वाट काढून दिली. तामिळनाडूत पालयमकोट्टाईला या संघाचं केंद्र आहे. त्यांची सवलत थुक यांच्या वंशावळीला लागू होत नाही. तुमच्या मुलीने ‘लॅटिन मिस्सा’ एवढंच सांगितलं असेल तर आधी कुठली ते विचारा. धर्मप्रांताच्या परवानगीने होणारी लॅटिन मिस्साही असू शकते आणि मग प्रश्नच उरत नाही.

आणि हे सगळं फक्त गोऱ्यांचं खूळ आहे असंही समजू नका. गोव्यात वेर्ण्याला 1836 मध्ये जन्मलेले फादर आंतोनियो फ्रान्सिश्कु झेवियर आल्वारिस आठवा. ते परंपरावादी नव्हते, त्यांचं भांडण पाद्रोआदोचे, म्हणजे इथल्या चर्चवर पोर्तुगालला मिळालेल्या अधिकाराचे, हक्क कापण्यावरून झालं. 1889 मध्ये ते केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स बिशपांकडून मार ज्युलियस या नावाने बिशप झाले, आणि 1892 मध्ये कोलंबोत त्यांनी रने व्हिलात यांना दीक्षा दिली. पाश्चात्त्य देशांतले कितीतरी भटके बिशप आपली वंशावळ त्या व्हिलातमार्गे या गोंयकारापर्यंत नेतात. आल्वारिस मात्र रायबंदरला रोग्यांची आणि गरिबांची सेवा करत 1923 मध्ये वारले. त्यांना लोक होते, हा फरक मला मोठा वाटतो.

आता तुमच्या घरचं. स्नानसंस्काराची काळजी करू नका. पाणी आणि त्रैक्याचे शब्द नीट असतील तर तो कुणीही दिला तरी होतो. दृढीकरण देणारा खरा बिशप असेल तर संस्कार झाला, आणि तो दुसऱ्यांदा देता येत नाही. शंका राहिली तर कॅनन 845 प्रमाणे सशर्त द्यायची सोय आहे. पण शंका आहे की नाही हे ठरवायचं काम मुलीच्या तिथल्या धर्मप्रांत कार्यालयाचं, आजीचं नाही आणि माझंही नाही.

कबुली मात्र वेगळी. पापक्षमा द्यायला दीक्षेबरोबर अधिकारही लागतो आणि तो या बिशपांकडे नाही. अपवाद मरणाच्या दारी: तिथे कुठलाही दीक्षित धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो, मग तो बहिष्कृत का असेना.

खरी अडचण लग्नात येते, आणि माझ्या टेबलावर येणारी बहुतेक प्रकरणं तीच. कॅथलिकाचं लग्न अधिकार असलेल्या धर्मगुरूसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर लागायला हवं. स्वतंत्र बिशपासमोर लागलेलं लग्न कितीही थाटात, कितीही शुद्ध लॅटिनमध्ये झालं तरी ख्रिस्तसभेच्या लेखी ते झालेलं नसतं. मुलीचं लग्न वसईत झालंय, त्यामुळे तिचं ठीक आहे. नातवाची वेळ येईल तेव्हा हे लक्षात ठेवा. झालेली चूक दुरुस्तही करता येते, कधी नव्याने संमती घेऊन, कधी बिशपांकडून मुळापासून वैधता देऊन. पण आधीच टाळलेलं बरं.

मुलगी तिथे का जाते, हेही तिला विचारा. आपल्याकडे मिस्सा मराठीत आली तेव्हा वसईच्या कितीतरी आज्यांना पहिल्यांदा अर्थ कळला आणि त्या सुखावल्या. तिकडे उलट झालं: जी मिस्सा आजोबांना पाठ होती ती एका रात्रीत गेली, आणि पुष्कळांना घर गेल्यासारखं झालं. त्या दुःखाला उत्तर न देता नुसतं ‘ते बहिष्कृत आहेत’ म्हणून चालत नाही.

तूर्त मुलीकडून तीन कागद मागवा: दृढीकरणाचा दाखला, तो देणाऱ्या बिशपाचं नाव, आणि त्या बिशपाला कुणी, कुठे, कोणत्या साली दीक्षा दिली त्याची माहिती. शेवटची माहिती हे लोक आनंदाने देतात, बहुतेकांनी ती छापूनच ठेवलेली असते. ते सगळं तिथल्या धर्मप्रांत कार्यालयात द्यायला सांगा. तिथून लेखी उत्तर येईपर्यंत नातवाला ‘तुझं दृढीकरण खोटं’ असं घरात कुणीही म्हणू नये.